माझ्या तोंडाचं माप

शिंप्यानं मला फसवलं. मानवतच्या बाजारात, बंद पडलेल्या भांड्याच्या दुकानाच्या ओट्यावर मशीन मांडून बसणाऱ्या म्हाताऱ्या शिंप्यानं. गल्लीतले लोक उलटं सांगतात. म्हणतात, बाईनंच म्हाताऱ्याला वर्षानुवर्षं घासून घेतलं. पण भाव करणं म्हणजे फसवणं नव्हे. भाव समोरासमोर बसून होतो. त्यानं जे केलं ते मला अंधारात ठेवून केलं.

माझी मिरची कांडपाची गिरणी आहे. आधी मी लोकांच्या घरी जाऊन लोखंडी उखळात तिखट कुटून द्यायचे. पहिली मशीन परभणीहून आणली, तीही कुणीतरी वापरून टाकलेली. विकणारा जेवायला उठला तरी मी उठले नाही. जेवून आला, वामकुक्षी घेतली, तरी मी तिथंच. शेवटी त्यानंच मला पाणी दिलं आणि मशीन माझ्या भावात दिली. आता माझ्या दोन आहेत.

फाल्गुनात ऊन तापलं की बाया देठं खुडलेल्या, कडक वाळलेल्या मिरच्या पोत्यांतून घेऊन येतात. कुणाची हळद असते, कुणाचं येसराच्या मसाल्याचं भाजलेलं सामान. तेव्हापासून मिरगापर्यंत गिरणीत लाल धूळ तरंगत असते. पूर्वी मी तोंडाला पदर बांधायचे. बोललं की पदर घसरतो, आणि मी तर दिवसभर बोलते. तेव्हा ठसक्याचं काही वाटायचं नाही. एकीला शिंक आली की रांगेतल्या सगळ्या शिंकायच्या, मग सगळ्या हसायच्या, हसताना पुन्हा ठसका. त्या दुपारी आठवल्या की आजही बरं वाटतं.

मग माझा खोकला बसला तो उठेना. डॉक्टर म्हणाले, नाकातोंडावर नीट बसेल असं काहीतरी बांधा, नाहीतर गिरणीत पाय ठेवू नका. गिरणीत पाय ठेवायचा नाही तर मग ठेवायचा कुठं, हे त्यांनी सांगितलं नाही.

त्याच सुमारास कोरोना आला. सगळे बेजार झाले. लोकांचं दुःख मी पाहिलं आहे, त्यावर बोलत नाही. पण दुकानादुकानांत मास्क टांगलेले दिसले तेव्हा मला मनातून वाटलं, चला, आपल्या कामाची वस्तू बाजारात आली.

कसली कामाची. तो निळा पातळ मास्क अर्ध्या तासात घामानं भिजायचा आणि श्वास घेतला की नाकपुड्यांना चिकटायचा. त्याचं रबर माझ्या कानातल्या वेलात अडकायचं. एकदा घाईनं ओढला तर कानाची पाळीच निघते की काय असं झालं. वाटीसारखा टणक मिळतो तो घेतला, तर धूळ अडली पण आवाजही अडला. बाया तीन-तीनदा विचारायच्या, काय म्हणालात? पोरं घालून फिरायची तसला काळा, ताणला जाणाराही घेतला. त्यातून तिखट असं यायचं, जसं चाळणीतून पीठ. त्यात चष्म्यावर वाफ. त्या वाफेपायी एकीची हळद मी दुसरीच्या मिरचीत ओतली आणि दोघींचीही बोलणी खाल्ली. मेडिकलवाल्याकडं मास्क बदलून मागायला गेले तर म्हणाला, वापरलेला परत घेत नाही. मी विचारलं, वापरल्याशिवाय बसतो की नाही ते कळणार कसं? त्यानं पुढच्या गिऱ्हाइकाची चिठ्ठी हातात घेतली. माझ्याकडं वेळ होता, पण मागं रांग वाढली आणि लोकच मला बाहेर जा म्हणायला लागले.

तेव्हा मी शिंप्याकडं गेले. तो पिको-फॉल, उसवलेल्या शिवणी, शाळेच्या चड्ड्या असलं काम करायचा. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. मी त्याला मामा म्हणायची, तो मला अक्का. आमचा सौदा असा ठरला: त्यानं दरवर्षी मला लागतील तेवढे मास्क शिवायचे, मी त्याच्या घरचं वर्षाचं तिखट कांडून द्यायचं. माझी गिरणी चालेल तोवर. हे ठरवायला दोन तास लागले आणि तीन वेळा चहा झाला.

पहिला मास्क घातला, आरशात पाहिलं, अगदी मापात. गिरणीत आले, पहिलं वाक्य बोलले तर तो नाकाखाली आला. दुसऱ्या वाक्याला हनुवटीवर. मी तशीच जाऊन तो त्याच्या मशिनीवर टाकला आणि काय म्हणायचं ते म्हटलं. तो चिडला नाही. मास्क उलटासुलटा करून पाहिला आणि खिशात ठेवला.

दोन दिवसांनी ऐन गर्दीत गिरणीत आला. पोत्यावर बसला आणि चार बायांसमोर म्हणाला की आपला सौदा चुकलाय, माझ्या तिखटाबरोबर भावाच्या घरची हळदही कांडून द्या आणि लेकीच्या घरचं येसर पण.

माझं डोकं फिरलं. मी त्याच्या वाकड्या शिवणींपासून सुरुवात केली, त्यानं घट्ट करून ठेवलेल्या माझ्या झंपरावर आले, तिथून त्याच्या भावावर. मधेच पाहते तर तो माझ्या डोळ्यांकडं बघतच नव्हता. गळ्यातली टेप काढून माझ्या जबड्याजवळ धरून उभा होता.

"थांबू नका अक्का," तो म्हणाला, "चालू द्या. हनुवटी कुठवर जाती ते बघायलोय."

बाया पोती सोडून हसायला लागल्या. मी भांडत होते खरी, तो नुसतं माप घेत होता. आलेला राग ठेवायचा कुठं ते मला कळेना.

त्यातून जो मास्क निघाला तसा मी पुन्हा पाहिला नाही. हनुवटीखाली दोन चुण्या, तोंड उघडलं की उघडायच्या, मिटलं की मिटायच्या. रबर नाही, नाड्या. एक अंबाड्यावर बांधायची, एक मानेवर, कानाला कशाचा स्पर्श नाही. नाकावर बारीक तांब्याची तार दाबून बसवलेली, त्यामुळं चष्मा कोरडा. आतून जुन्या धोतराचे दोन मऊ पदर, बाहेरून मांजरपाट. पहिल्या दिवशी सकाळी बांधला तो संध्याकाळपर्यंत विसरले. घरी जाऊन चहाची बशी तोंडाला लावली ती मास्कावरूनच.

पुढं कोरोना गेला. लोकांनी मास्क फेकून दिले. मी मात्र दर माघात ओट्यावर जाऊन बसायची, नव्या हंगामाचे मास्क घ्यायला. दर वेळी तो नव्यानं माप घ्यायचा, आणि माप घ्यायचं म्हणजे मला बोलतं करायचं. "तुमचं तोंड दरवर्सी वाढायलंय अक्का, कापड पुरंना," म्हणायचा. मी म्हणायची, तोंड माझं आहे, कापड तुमचं, ज्याचं त्यानं बघावं. मग कापडावर, नाड्यांवर, तिखटाच्या रंगावर हुज्जत. समोरचा पानवाला दुकान सोडून ऐकायला यायचा. शिंप्याच्या घरच्या तिखटाचा डबा मी कधी कुणाच्या हाती पाठवला नाही. स्वतः नेऊन द्यायची, दाबून भरलेला.

मी धंद्यातली बाई आहे. एका माणसावर अडून राहणं मला पटत नाही. म्हणून त्याला दरवर्षी विचारायची की माझ्या मापाचा फर्मा, म्हणजे कापड बेतायचा कागद, केला आहे ना? तो म्हणायचा, पेटीत आहे, पेपरात गुंडाळून. मला द्या म्हटलं की म्हणायचा, तुम्ही नेऊन दुसऱ्याकडून शिवून घ्याल. मग दरवर्षी माप कशाला, तर म्हणे कागद जुना झालाय, ताडून बघावं लागतं. पटेल असंच बोलायचा. मीही फार ताणलं नाही. फर्मा आहे म्हणजे झालं, असं धरून चालले.

यंदा माघात गेले तर ओटा रिकामा. मशिनीच्या तेलाचे डाग तेवढे राहिलेले. पानवाल्यानं सांगितलं की म्हाताऱ्याची नजर गेली, सुईत दोरा जाईना, मुलगा येऊन पुण्याला घेऊन गेला. दोन महिने झाले होते. माझी गिरणी ओट्यापासून दोनच गल्ल्या पलीकडं. मला एका शब्दानं सांगितलं नाही.

जुन्यांतले बाकीचे विरले होते, एकच मास्क धड होता. तो मी परभणीला एका नव्या शिंप्याकडं नेला. तो म्हणाला, उसवून दिला तर हुबेहूब बेततो. आयुष्यभर माल दाखवला पण हातचा सोडला नाही अशी मी, त्या दिवशी स्वतःच्या हातानं शिवण उसवली. धुऊन धुऊन कापड ताणलेलं, त्याचे तुकडे जुळेनात. नवे चार शिवले, चारही दुसऱ्या वाक्याला हनुवटीवर. जुना होता तोही गेला.

मग म्हाताऱ्याच्या मुलाचा नंबर मिळवून पुण्याला फोन लावला. तब्येत विचारली आणि लगेच म्हटलं, मामा, फर्मा पाठवून द्या.



"फर्मा कवाच कापला न्हाई अक्का," तो म्हणाला. "तुमी बोलायला लागलात की बघून बघून हात चालायचा."

मी विचारलं, मग एवढी वर्षं पेटीत आहे म्हणून का सांगितलं? तो म्हणाला, न्हाई म्हटलं असतं तर तुमी दुसरा शिंपी बघितला असता. एवढं बोलून त्यानं फोन मुलाकडं दिला.

हे लिहिते आहे तेव्हा हंगाम भरात आहे. मशिनीपाशी सून उभी राहते. तिला निळा मास्क पुरतो, कारण ती एकदा भाव सांगते आणि गप्प बसते. मी बाहेर तराजूजवळ खुर्ची टाकून बसते. वारा इकडं फिरला की उठून तिथूनही आत घरात जावं लागतं. ज्या गिरणीसाठी मी हातानं उखळात तिखट कुटलं, तिच्या दारात मी पाहुणी झाले आहे.

नजर गेली, त्याचा दोष मी देत नाही. खोटं बोलला, त्याचा देते. आणि याचा जाब मला फोनवर नको. मुलानं त्याला एसटीत बसवावं, एकदा मानवतला आणावं, आणि त्यानं ओट्यावर माझ्यासमोर बसून सांगावं, की हाताला जमत होतं तोवर मला एक कागद का कापून दिला नाही. उत्तर पटलं नाही तर काय बोलायचं ते माझ्याजवळ तयार आहे. त्यानं फक्त यावं.