झेंडूचा हार घेऊन कन्हानला

गेल्या वर्षी दिवाळी संपली आणि आमच्या घरात केशरी कापडाचे तुकडे जिथं-तिथं दिसायला लागले. सोफ्यावर, चहाच्या ट्रेमध्ये, एकदा तर माझ्या वर्गाच्या हजेरीपटात. बाबांच्या ओळखीच्या माजी सैनिकांनी ठरवलं होतं, की डिसेंबरात गेलेल्या साथीदारांच्या आठवणीचा कार्यक्रम असतो, त्याला प्रत्येकानं छातीवर कापडी झेंडूचं फूल लावायचं. खरं फूल दुपारपर्यंत मान टाकतं, म्हणून कापडाचं. ते बनवायचं काम माझ्यावर आलं, कारण मी शाळेत शिकवते आणि शाळेतल्या मॅडमला सगळं येतं असा लोकांचा समज असतो. मला साधं बटण नीट लावता येत नाही.

फुलाच्या मागे एक पांढरी पट्टी शिवायची होती. ज्याच्या आठवणीसाठी फूल लावायचं, त्याचं नाव तिच्यावर लिहायचं. कार्यक्रमात एकेकानं उठून ते मोठ्यानं घ्यायचं. सगळ्यांची नावं आली. बाबांकडून आलं नाही. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा ‘उद्या सांगतो’ म्हणाले. तिसऱ्यांदा मी सुई-दोरा घेऊन त्यांच्यासमोरच बसले. त्यांनी टीव्ही बंद केला.

बाबा फौजेत ड्रायव्हर होते. सोळा वर्षं त्यांनी डोंगरातल्या रस्त्यांवर मोठ्या गाड्या चालवल्या आणि पेन्शन घेऊन नागपूरला आल्यावर पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. घरात स्कूटर आली ती आई शिकली, कार आली ती मी. कंटाळले असतील, असं आम्ही धरून चाललो. आई सहा वर्षांपूर्वी गेली, तिचाही तोच समज होता.

त्या संध्याकाळी त्यांनी मला सांगितलं ते असं. त्यांच्या युनिटमध्ये इथल्याच, नागपूरजवळच्या कन्हानचा एक जण होता. एवढ्या लांब आपली बोली बोलणारे दोघंच, त्यामुळे सुट्टीला सोबत यायचे, जेवायलाही सोबत बसायचे. एका हिवाळ्यात हिमाचलच्या घाटात गाड्यांची रांग चालली होती. बाबा गाडी चालवत होते आणि तो शेजारी बसला होता. वळणावर बर्फाचा पातळ थर होता, तो दिसला नाही. गाडी घसरली आणि डाव्या अंगानं खडकावर आदळली. डावीकडे तो होता. बाबांचं गळ्याजवळचं हाड मोडलं. तो जागीच गेला.

“चौकशी झाली. त्याच्यात माह्यावर काही आलं नाई,” बाबा म्हणाले. “पण गाडी तं मीच चालवून राहिलो होतो ना.”

दरवर्षी हिवाळ्यात एका ठरावीक दिवशी बाबा बर्डीच्या बाजारातून झेंडूचा हार आणायचे आणि शहीद स्मारकावर जाऊन वाहायचे. मला ते लहानपणापासून माहीत होतं. सगळ्या शहिदांसाठी असेल असं वाटायचं. तो हार त्या एकट्यासाठी होता, आणि त्याचं नाव त्या दगडावर नव्हतंच, कारण तो लढाईत गेला नव्हता. आमच्या घरापासून कन्हान तासाभराच्या आत. चाळीस वर्षांत बाबा तिथं एकदाही गेले नव्हते.

मी म्हटलं, मग त्याचंच नाव लिहू या की. ते म्हणाले, “त्याच्या घरवालीले विचारल्याबिगर कसं लिहू?”

नंबर मिळायला दोन दिवस लागले. बाबांच्या मंडळींपैकी कामठीला राहणाऱ्या एकांनी तो शोधून दिला. फोन तिच्या सुनेनं उचलला. मी कोण, कशासाठी बोलतेय ते सांगितलं, तर ती थांबा म्हणाली आणि आत गेली. बराच वेळ नुसते भांड्यांचे आवाज येत राहिले. मग ती परत आली आणि म्हणाली, आई म्हणतात रविवारी या. एवढंच. बाबांनी मला तीनतीनदा विचारलं, आवाज कसा होता. मी काय सांगणार? आवाज सुनेचा होता.

रविवारी सकाळी आधी बर्डीच्या फूलबाजारात गेलो. बाबांनी दोन हार परत केले. एकात फुलं बारकी होती, दुसऱ्यात मधेच शेवंती ओवली होती. तिसरा त्यांनी स्वतः निवडून घेतला आणि गाडीत मांडीवर ठेवला. कामठीच्या छावणीजवळ त्यांनी गाडी थांबवायला लावली, पाणी प्यायले, पुन्हा बसले. कन्हानच्या पुलावर म्हणाले, “घरी नसतीन तं परत जाऊन जाऊ.” मी म्हटलं, बाबा, त्यांनीच बोलावलंय. तिनं दारातच चार शब्द सुनावले तर बाबांना गाडीपर्यंत कसं आणायचं, याचा मी विचार करत होते.

घर स्टेशनच्या मागच्या वस्तीत होतं, दोन खोल्यांचं, नुकताच रंग दिलेलं. सून दारात उभी होती. आत खुर्चीवर त्या बसल्या होत्या, बाबांपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, केस पूर्ण पांढरे, गुडघ्याला पट्टा. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. तिच्या खाली थोड्या अंतरावर वर्दीतल्या एका तरुण माणसाचा फोटो. त्या फोटोला हार नव्हता.

बाबा हार हातात धरून मधेच उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात.

“वैनी,” ते म्हणाले, “गाडी मी चालवत होतो.”

“मले माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही बसा ना पहिले.”

मग त्यांनी सांगितलं. युनिटमधून हिंदीत पत्र आलं होतं. वस्तीतल्या मास्तरांकडून त्यांनी ते दोनदा वाचून घेतलं. ड्रायव्हरचं नाव आणि गाव त्यात होतं. आपल्याच भागातला माणूस आहे, बरा झाला की येईल, असं त्यांना वाटलं. दोन वर्षं त्यांनी वाट पाहिली. मग तोही पुढं वाचला नसेल असं धरून सोडून दिलं.

“राग होता. खोटं काहून बोलू?” त्या म्हणाल्या. “गाडीचा नाई. तुम्ही आले नाई, त्याचा.”

बाबांनी मान खाली घातली. सुनेनं पाणी आणून ठेवलं. मग त्यांनी बाबांना विचारलं, आणि हेच त्यांना इतकी वर्षं विचारायचं होतं हे त्यांच्या आवाजावरूनच कळलं, “त्या दिवशी ते काय बोलून राहिले होते?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. सांगू की नको, असं त्यांना झालं होतं.

“तुम्ही शंकरपाळे पाठवले होते,” ते शेवटी म्हणाले. “त्याले नावं ठेवून राहिला होता. म्हणे, हे खाल्ल्यावर पाकिस्तानची गरज नाई, आपले दात घरच्याच मालानं पडतीन. आन् खातही होता. डबा मले देतच नव्हता.”

त्या हसायला लागल्या. आधी तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसणं काही थांबत नव्हतं. पहिल्यांदाच केले होते, एकवीस वर्षांची होते, सासूबाई म्हणाल्या होत्या तुपाचं मोहन कमी पडलं, असं त्या सुनेला सांगत राहिल्या. बाबाही हसले. मी त्यांना असं हसताना आई गेल्यानंतर पाहिलं नव्हतं.

चहा झाल्यावर बाबांनी हार पुढे केला आणि फोटोला घालू का विचारलं. त्या नाही म्हणाल्या. पोरगं लहान होतं तेव्हा घातला होता, पण ते रोज विचारायचं, बाबाले हार काहून घातला, म्हणून काढला तो काढलाच. फुलं मात्र त्यांना आवडली. त्यांनी सुनेला हार दाराच्या चौकटीला लावायला सांगितला. “पाहुणे आले,” त्या म्हणाल्या. बाबांनी उठून एक टोक धरलं.

कापडी फुलाचं मी सांगितलं. त्याचं नाव दगडावर नाही म्हणून बाबांना वाटणारी खंतही सांगितली. त्या फूल हातात घेऊन उलटसुलट पाहत होत्या. “लढाईत नाई गेले, खरं आहे. फौजेत होते, फौजेतच गेले. लिहा,” म्हणाल्या, “पण पूर्ण लिहा, वडिलांच्या नावासकट. आन् गावही.” पट्टीवर एवढं मावेना. मी जागेवरच तिला अजून एक पट्टी जोडून दिली, वाकडी.

डिसेंबरात कार्यक्रमाला सून त्यांना घेऊन आली. बाबांची पाळी आली तेव्हा ते उठले, नाव घेतलं, वडिलांचं नाव घेतलं, कन्हान म्हणाले आणि मग म्हणाले, “माझ्या गाडीत होता.” मला भीती होती की ते मधेच थांबतील. थांबले नाहीत. पुढचा माणूस उठला.

नंतर बाबांच्या या वैनींना बर्डीला नातीसाठी स्वेटर घ्यायचं होतं. बाबा म्हणाले, मी दाखवतो दुकान. मी आणि सून गाडीत बसलो. मी चाचणीचे पेपर तपासत होते, ती मोबाईल पाहत होती. तासाभरानं दोघं आले. स्वेटरच्या रंगावरून त्यांचं जमलं नव्हतं, आणि बाबा मला काचेतून सांगत होते, तूच सांग वं, गुलाबी चांगला का हिरवा.