उटण्याच्या शेडमधली नाकं

किश्शांचं उटण्याच्या भुकटीसारखं असतं. पदर कितीही झटका, घरी गेल्यावर कानामागून थोडी निघतेच! नव्वदच्या सुमाराला पनवेलात आमच्या मालकीणबाईंच्या, म्हणजे वहिनींच्या, घरामागे पत्र्याची शेड होती. तिथे आम्ही चार बायका उटणं, शिकेकाई, केसांचं तेल करायचो. मी चौथी पास, पण तोंडाने मॅट्रिकच्या पुढची, म्हणून गिऱ्हाईक माझ्याकडे!

*

मी आणि रंजना आपटा गावच्या. संध्याकाळी एस.टी.त चढलो की मागची माणसंसुद्धा माना वर करायची. नागरमोथा, वाळा, कापूरकाचरी, सगळं अंगाला चिकटलेलं! एकदा कंडक्टर ओरडला, “गाडीत उदबत्ती कुणी पेटवलीय? आधी विझवा!”

मी म्हटलं, “आम्हीच आहोत. विझवा बघू!”

अख्खी गाडी हसली. रंजना तेवढी हसली नाही.

*

कारण नंतर कळलं. तिचा नवरा तळोज्याला केमिकल कंपनीत शिफ्टला होता. त्याचं नाकच गेलं होतं. भाकरी करपली तरी पत्ता नाही!

“कंपनीत सांगितलं तर काम जाल,” रंजना म्हणाली. “आन नाय सांगितलं, तं येक दिस गॅस सुटंल, सगले पलतील आन ह्यो थयंच उभा ऱ्हाल!”

त्या दिवसापासून आमचा एकच उद्योग. ह्याच्या नाकात काय शिरतंय ते बघायचं!

*

पहिला वाळा. मुळ्यांची जुडी ओली करून रंजनाने त्याच्या उशीत घातली. दुसऱ्या दिवशी आम्ही दारातच उभ्या. “काय म्हणाला?”

“म्हनाला, उशीत झारू घातलास काय?”

मग दवणा झाला, मरवा झाला, कापूरकाचरी झाली. माणूस ढिम्म!

*

त्यातच मुंबईहून एक बाई आल्या. “मला सगळं नॅचरल लागतं. माझ्यासमोर शिकेकाई दळा.”

मी म्हटलं, “नाकाला पदर लावा.”

“मला काही होत नाही. मी रोज योगा करते.”

चक्की सुरू झाली आणि बाई ज्या शिंकायला लागल्या, त्या रिक्षात बसेपर्यंत! रिक्षातूनच ओरडल्या, “दोन पाकिटं... आक्छी! ठेवा... आक्छी!”

आम्ही रंजनाकडे बघितलं. रंजनाने चिमूटभर शिकेकाई पुडीत बांधली.

दुसऱ्या दिवशी ती आली तर आम्ही ओरडलोच, “शिंकला?”

“धा येला शिंकला.”

वहिनी टाळ्या वाजवायला लागल्या.

“वास इचारला तं म्हनतो, वास कसला? नाकात मिरची गेल्यागत झालंय.”

म्हणजे शिंकणारं नाक वेगळं आणि हुंगणारं वेगळं! आम्हाला तोवर नाक एकच वाटत होतं.

*

एक आई लग्नाच्या मुलीला घेऊन आली. मुलगी सावळी, नाकीडोळी अशी देखणी की बघत राहावं. आई म्हणते, “पाहुणे यायच्या आत गोरी झाली पाहिजे. गॅरंटी द्या!”

मी म्हटलं, “बाई, उटण्याने मळ निघतो. बापाचा रंग निघत नाही!”

मुलगी खो खो हसली. वहिनी माझ्यावर संध्याकाळपर्यंत फुगून होत्या. गिऱ्हाईक गेलं ना! जाऊ दे.

*

मग एकदा चक्कीची मोटर जळाली. सकाळीच आम्ही शेडच्या दारातून परत फिरलो. रंजनाने घरी जाऊन साबणाने डोक्यावरून आंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसली. मोटरचं शेजारीपाजारी कुणाला बोललीसुद्धा नाही.

संध्याकाळी ती रोजच्यासारखी मोरीत भांडी घासत होती, दाराकडे पाठ. नवरा शिफ्टवरून आला. उंबऱ्यावर बसून बूट काढायला लागला. एक काढला, दुसरा काढता काढता थांबला आणि म्हणाला,

“आज कामाला नाय गेलीस काय गो?”