गायकवाडांचे तेरा ठोके

सव्वीस, सत्तावीस, सत्तावीस, तेरा, चौदा, सव्वीस.

गायकवाडांनी वही माझ्या टेबलावर उघडी ठेवली होती. मी आकड्यांवरून बोट फिरवत तेराशी येऊन थांबले.

"हे काय?"

"ठोके, बाई."

"ते कळलं. मधेच निम्मे कसे? मोजायला चुकलात."

"दोनदा मोजलं म्या."

"चढावर दम लागलेला असतो. बोट घसरतं, ठोके निसटतात. पुन्हा नीट मोजा."

"बरं," म्हणून ते गेले. मी ते दोन्ही आकडे खोडले आणि बाहेर बसलेल्या पेशंटला आत बोलावलं.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. वेल्हे तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी डॉक्टर होते. नोकरीचं दुसरं वर्ष. सुदाम गायकवाड आमच्याकडे व्हॅक्सिनेटर, म्हणजे गावोगाव फिरून देवीची लस टोचणारे. वय तिशीच्या आसपास. गुंजवण्याकडच्या एका बौद्ध कुटुंबातले. बारा गावं त्यांच्याकडं होती आणि ती सगळी ते सायकलवर करत. लसीची पेटी कॅरिअरला बांधायची आणि निघायचं. जिथं सायकल चालत नाही तिथं ती खांद्यावर.

वर्षातून एकदा भोरला सायकलींची शर्यत व्हायची. भोरहून कापूरव्होळ आणि परत. यात सगळे एकदम सुटत नाहीत. एका मिनिटाच्या अंतरानं एकेक जण सुटतो, एकटाच चालवतो, आणि शेवटी घड्याळ सांगतं कोण जिंकलं. याला टाइम ट्रायल म्हणतात. शेजारी कुणी नसल्यामुळं जोर किती लावायचा हे ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं. गायकवाडांचं नेमकं तिथंच बिघडायचं. कापूरव्होळपर्यंत ते भरधाव जायचे आणि परतताना पाय भरून यायचे. दोन वर्षं लागोपाठ दुसरा नंबर आला होता. पहिला येणारा पुढं राज्याच्या शर्यतीला जायचा.

ठोके मोजायची कल्पना माझी. कॉलेजात आम्ही एकमेकांना जिने चढायला लावून नाडी मोजायचो, तेवढाच माझा अनुभव. मी त्यांना गळ्याच्या बाजूला नाडी कशी सापडते ते दाखवलं. घड्याळ हँडलला बांधायचं, दहा सेकंद ठोके मोजायचे. सहानं गुणलं की मिनिटाचे. काही दिवस मोजून आम्ही त्यांचा आकडा ठरवला: दहा सेकंदात सव्वीस-सत्तावीस. एवढा जोर ते शेवटपर्यंत टिकवू शकत होते.

"सत्तावीसच्या वर गेले तर जोर कमी करा. पंचवीसच्या खाली आले तर जोर लावा. मनाचं ऐकू नका, आकड्याचं ऐका," मी सांगितलं.

त्यांनी ऐकलं. महिन्याभरात ते त्याच रस्त्यावर आधीपेक्षा मिनिटभर लवकर परत यायला लागले, आणि आल्यावर आडवे पडेनासे झाले. दवाखान्यातले सगळे खूश. मी तर फारच.

मग तो तेराचा आकडा आला. आठवड्यानं वहीत पुन्हा आला. या वेळी तीन ठिकाणी.

"गायकवाड, तुमचं लक्ष कुठं असतं?"

मी वही मिटून परत दिली. पण दुपारी जेवताना एक गोष्ट डोक्यात आली. माणूस मोजायला चुकला तर कधी वीस येतील, कधी सतरा, कधी बावीस. चुकीला नेम नसतो. इथं दर वेळी बरोबर निम्मे येत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्याची जीप काढायला सांगितली. ड्रायव्हर निवृत्तीमामा, निवृत्तीला आलेले. गायकवाड पुढं सायकलवर, आम्ही मागं. विंझरच्या पुढं वेल्ह्याकडं येताना चढ लागतो. तिथं निम्म्यावर गायकवाड एकदम मंदावले. मग पेडलवर उभे राहिले आणि अंग मोडून जोर लावायला लागले. सायकल डुलत होती.

"मामा, पुढं घाला. थांबवा त्यांना."

मी उडी मारून उतरले. त्यांचा एक पाय जमिनीवर, एक पेडलवर. स्टेथोस्कोप छातीला लावला. एवढ्या चढानंतर छातीत नुसता धडधडाट ऐकू यायला हवा होता. ऐकू आले ते सावकाश, सुटे ठोके. दहा सेकंदात तेरा. पुन्हा मोजले. तेरा. मी स्टेथोस्कोप तसाच धरून ठेवला. अर्ध्या मिनिटानं ठोके अचानक जवळजवळ दुप्पट झाले. मधले काहीच नाही. तेराचे एकदम चोवीस.

ते मोजायला चुकले नव्हते. एकदाही.

"चक्कर येते का तुम्हाला चढावर?"

त्यांनी मामांकडं पाहिलं, मग रस्त्याकडं.

"येती कधी कधी. डोळ्यांपुढं काळं येतं."

"आत्ता आली?"

"व्हय."

"मग थांबला का नाहीत? उलट उभं राहून जोर लावत होतात."

"बाई, ठोके तेरा हुते. तुमीच सांगितलं हुतं, पंचवीसच्या खाली आले तर जोर लावा."

सायकल जीपमध्ये टाकली आणि त्यांना पुढच्या सीटवर बसवलं.

"आधी का नाही सांगितलं?" वाटेत मी विचारलं.

"तुमी म्हणला मोजायला चुकलं. मला वाटलं, चक्कर बी उन्हाचीच असंल."

शर्यत रविवारी होती. तो बुधवार. मी तहसील कचेरीत जाऊन जिल्ह्याच्या साहेबांना फोन लावला. गायकवाडांना उद्याच पुण्याला न्यायचंय आणि शर्यतीतून नाव काढायचंय, असं सांगितलं.

"अहो, आपल्या खात्याचा तो एकच माणूस आहे. गेल्या महिन्यात तुम्हीच कौतुक करत होतात."

"सर, चढावर त्यांचे ठोके निम्म्यावर येतात."

"खेळाडूंची नाडी मंदच असते. तुम्ही नवीन आहात, घाबरताय."

"बसल्यावर मंद असते सर. चढावर नाही."

"रविवारनंतर न्या पुण्याला. चार दिवसांनी काय बिघडतंय?"

"मग ते शर्यतीला फिट आहेत असं तुम्ही लेखी द्या, सर."

"न्या उद्या," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

पुण्याला मोठ्या रुग्णालयात गायकवाडांना पलंगावर झोपवून ECG काढला. हृदयातून वाहणाऱ्या विजेची ही कागदावरची नोंद. ती अगदी सरळ, स्वच्छ आली. तिथल्या हृदयविभागाच्या सरांनी पट्टी माझ्या हातात दिली.

"नॉर्मल आहे. घेऊन जा."

"सर, ते बसलेले असताना मीही नॉर्मलच मोजलंय. त्यांना पळवून बघा ना."

"कुठं पळवू? वॉर्डात?"

"जिन्यावर."

सरांनी मशीन जिन्याच्या तोंडाशी आणायला सांगितलं. गायकवाड तीन मजले चार वेळा चढले-उतरले. तिसऱ्या फेरीपर्यंत ते आमच्याकडं बघून हसत होते. चौथ्या फेरीला कठड्याला धरून उतरले. खुर्चीत बसवून तारा लावल्या, कागद सरकायला लागला. या वेळी सर वाकून बघत होते. त्यांनी पट्टीवर पेन्सिलीनं खुणा करायला सुरुवात केली, तेव्हाच मला कळलं.

सोप्या शब्दांत सांगते. हृदयाचे वरचे कप्पे खालच्या कप्प्यांना दर ठोक्याला निरोप धाडतात, की आता आवळा. रक्त अंगभर जातं ते खालचे कप्पे आवळले की. गायकवाडांच्या हृदयात ही निरोपाची वाट खराब झाली होती. सावकाश येणारे निरोप ती पोचवायची. निरोप भराभर यायला लागले की दोनातला एक वाटेत अडायचा. त्यामुळं जेव्हा शरीराला सगळ्यात जास्त रक्त हवं, नेमकं तेव्हा ते निम्मं मिळायचं. याला हार्ट ब्लॉक म्हणतात. त्यात आणखी जोर लावला तर माणूस जागच्या जागी कोसळू शकतो, आणि उठेलच असं नाही.

बाहेरच्या बाकावर मी त्यांच्याशेजारी बसले.

"आता सायकल नाही, गायकवाड."

"रविवारी न्हाई?"

"कधीच नाही."

"हळू हळू चालवली तर?"

"नाही."

"मग बारा गावं करायची कशी?"

"दुसरं काम बघू. मी लिहिते वरती."

ते बराच वेळ तळहात गुडघ्यांवर चोळत बसले. पाय धडधाकट होते, हीच अडचण होती. आजारी असल्यासारखं त्यांना काही वाटतच नव्हतं.

"आई शर्यत बघाया येणार हुती भोरला. पयल्यांदाच," ते म्हणाले. "तिला काय सांगू?"

"मी येते सांगायला."

"नगं. म्या सांगतो."

मग मी म्हणाले, "तो नियम मी चुकीचा सांगितला होता तुम्हाला. आणि आकडे तुम्ही बरोबर आणत होतात."

त्यांनी मान हलवली. ती हो होती की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

रविवारी शर्यत झाली. पहिला आलेला माणूस गायकवाडांच्या सरावातल्या वेळेपेक्षा मागं होता. ही गोष्ट त्यांना कुणीतरी सांगितलीच. पुढं त्यांना भोरला लसीच्या साठ्यावर बसायचं काम मिळालं. वर्षभर ते माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. काही वर्षांनी बसल्या जागीही त्यांचे ठोके मंदावायला लागले. तेव्हा मुंबईला नेऊन त्यांना पेसमेकर बसवला, म्हणजे निरोप धाडणारं छोटं यंत्र. त्या काळी ते मिळायला बरीच खटपट करावी लागली. त्यानंतर ते रिटायर होईपर्यंत नोकरीत होते. सायकलवर पुन्हा बसले नाहीत.

लोक म्हणायचे, बाईंनी माणूस वाचवला. मी ते कधी मान्य केलं नाही. पहिल्यांदा तेराचा आकडा आला त्यानंतर आठ दिवस तो माणूस माझ्या सांगण्यावरून, डोळ्यांपुढं अंधार आलेला असताना, चढावर जोर लावत होता. तो वाचला हे त्याचं नशीब.

पुढं पस्तीस वर्षं प्रॅक्टिस केली. अनेकांना नाडी मोजायला शिकवलं, साखर तपासायला शिकवलं, रक्तदाबाची वही ठेवायला लावली. प्रत्येकाला आकडा किती असावा ते सांगितलं, आणि कोणता आकडा दिसला की हातातलं काम सोडून माझ्याकडं यायचं, तेही सांगितलं. त्याला पाच मिनिटं जास्त लागतात.