पफिन आणि पायाचा खड्डा

सत्तरच्या दशकात मी पिंपरीच्या एका कारखान्यात ट्रेसर होते, मशीनचे नकाशे उतरवून काढायचे. नवं मशीन बसवायला उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड बेटावरून एक इंजिनिअर आले, सोबत त्यांची बायको. ती गेस्ट हाउसमध्ये दिवसभर एकटी असायची. ऑफिसात इंग्रजी येणारी बाई अशी मी एकटीच, म्हणून साहेबांनी मला रोज दुपारी तासभर तिच्याकडे पाठवायला सुरुवात केली.

एकदा तिनं फोटो दाखवले. काळापांढरा गोल पक्षी, चोच शेंदरी, तोंडात आडव्या धरलेल्या दहाबारा मासोळ्या. मला ते खेळणंच वाटलं. पफिन, ती म्हणाली. हिवाळाभर तो समुद्रावरच राहतो, उन्हाळ्यात किनाऱ्यावर येऊन जमिनीत बीळ खणतो. अंडं एकच, आणि पिलाला आईबाप दोघं भरवतात. आता मासे कमी झालेत, पाण्यावर तेल पसरतं, बिळांत उंदीर शिरतात. ती आणि तिच्या गावच्या बायका त्या बिळांवर पहारा करत.

पाखरावर पहारा? मी मान डोलावली, पण मला काही उमगलं नाही.

कारखान्यामागे नव्या शेडच्या पायाचा खड्डा होता. सिमेंट मिळेना म्हणून काम दोन महिने बंद होतं. तेवढ्यात वेड्या राघूंनी, त्या चिमुकल्या हिरव्या पाखरांनी, खड्ड्याच्या एका भिंतीत बिळं केली. ती रोज तिथं जाऊन उभी राहायची. चैत्रात सिमेंट आलं, अर्धा राहिलेला खड्डा पुरा खणायला मजूर आले, आणि ती मला हाताला धरून मुकादमाकडे घेऊन गेली. "यांना सांग, पिलं उडेपर्यंत ही भिंत सोडा."

मी सांगितलं. मुकादम इथलाच शेतकरी. त्याचं रानही कारखान्यात गेलेलं. तो शांतपणे म्हणाला, "ताई, आमची जिमीन घेतली तवा आमाला कुनी इचारलं न्हाई. पाखराला इचारायचं व्हय?"

"काय म्हणतो?" तिनं विचारलं.

मला दोघांचंही पटत होतं. "बघतो म्हणाला," मी सांगितलं. तिनं त्याला हात जोडले. तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी मजूर समोरच्या बाजूनं खणत होते. महिनाभर त्या भिंतीला कुणी कुदळ लावली नाही. पिलं उडाली, तोवर ती बाई आपल्या देशी परत गेली होती.

मी मुकादमाला भिंत सोडल्याचं कारण विचारलं. "तिकडं खडक लागला हुता," एवढंच म्हणाला.

पुढच्या आठवड्यात ती भिंत खणली. मी मुद्दाम बघायला गेले. आत सगळा मऊ मुरूम होता. तिला पत्र लिहायला बसले, तर मुकादमाचं खरं बोलणं लिहावं की त्याचं काम, हे ठरेना. शेवटी फक्त पिलं उडाल्याचं लिहिलं.