बाबांना मिळालेली उत्तरं

हिंगोलीतल्या त्या दुकानदाराचं नाव मी विचारलं नाही. तो बंद पडलेले इलेक्ट्रॉनिक वजनकाटे दुरुस्त करायचा आणि भंगार बोर्डांवरचे जुने प्रोसेसर काढून काळ्या फोममध्ये टोचून ठेवायचा. मी घरी हातानं एक छोटा कम्प्युटर जोडते आहे, त्यासाठी मला त्यातला एक हवा होता.

आम्ही गेल्यावर त्यानं स्टूल बाबांकडे सरकवलं. प्रश्न मी विचारत होते, उत्तरं मात्र तो बाबांना देत होता. बाबांना यातलं काही कळत नाही, तरी ते मान डोलवत होते. त्याचा मला जास्त राग आला.

एका चिपवर फुंकर मारून तो म्हणाला, "ह्यो घ्या साहेब. पोरीला बराबर जमंल."

तो प्रोसेसर चालता चालता थांबवला, की त्याच्या आतलं सगळं पुसलं जातं. मला एकेक पायरीवर थांबवता येणारा हवा होता, आणि तसा शेजारीच होता. मी ते सांगितलं.

"थांबवायचं काहून, साहेब?" हेही बाबांनाच.

मी त्याची चिप परत फोममध्ये टोचली आणि शेजारची काढली. "काका, थांबवल्याशिवाय आत काय चाललंय ते दिसणार कसं?"

त्यानं भिंगातून नंबर वाचला आणि खूश होऊन हसला.

"पोरगी हुशार हाय हं तुमची, साहेब."

मी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होते. एवढं तरी मला सांगायला काय हरकत होती?