गाळप बंद, जर्मन चालू

जुनी गाडी पाळली की माणसाच्या नावावर किस्से जमतात. आपण सांगत नाही, लोकच सांगतात. मग ते आपल्यापर्यंत फिरून येतात आणि त्यात आपण भलतंच काहीतरी केलेलं असतं! केजच्या बाजारात कुणीतरी मला सांगितलं, "कारखान्यातला एक इंजिनिअर जर्मन गाडीशी बोलतो म्हनं." मी म्हणालो, "काय बोलतो?" तो म्हणाला, "ते न्हाई माहीत, पन ती ऐकती म्हनं!"

तो इंजिनिअर मीच. तेव्हा खरं काय झालं ते माझ्याकडूनच ऐका.

आमचा साखर कारखाना सहकारी. सलग दुष्काळ पडले, ऊस संपला, गाळप बंद झालं. कामगार गेले, कॉलनी रिकामी झाली. मशिनरी गंजू नये म्हणून देखभालीला एक इंजिनिअर आणि गेटवर एक वॉचमन एवढेच ठेवले. वॉचमन गौसभाई. मी आणि गौसभाई, आणि मध्ये अख्खा कारखाना!

*

गाडी कारखान्याच्या चांगल्या दिवसांतली. मशिनरी बसवायला आलेल्या एका कंत्राटदाराची. चार दाराची, पण स्वभावानं रेसची. आमच्या रस्त्यांनी तिची गिअरबॉक्स खाल्ली आणि तो तिला गेस्ट हाऊसमागं सोडून गेला. जाताना मला म्हणाला, "साहेब, ठेवा तुम्हीच. मला हिच्याकडं बघवत नाही."

क्वार्टरसमोर ओढून आणली तेव्हा माझी बायको सुधा दारात उभी होती. तिनं गाडीभोवती एक चक्कर मारली, टायर बघितले, आत डोकावली आणि म्हणाली, "हिच्यात सायाळीनं घर केलंय."

खरंच केलं होतं. मागच्या सीटखाली काटे निघाले!

*

पुढं कॉलनीची बोअर आटली. सुधा मुलाकडं पुण्याला गेली. जाताना म्हणाली, "पाणी आलं की येते." पाऊस आला नाही, त्यामुळं तिचा शब्द काही मोडला नाही.

मग मी संध्याकाळी गाडीखाली झोपायला लागलो. म्हणजे काम करायला हो! पण गौसभाईनं गावात सांगितलं, "साब को घर में नींद नहीं आती, गाडीखाली झोपतेत."

दोन दिवसांनी युसूफ वडगाव या गावाहून माझा मावसभाऊ मोटारसायकल मारत आला. सोबत डबा, गोधडी आणि गंभीर चेहरा. "दादा, काय झालंय ते मोकळेपनानं सांग." मी गाडीखालून बाहेर आलो, तोंडाला ग्रीस. त्याला सायलेन्सर दाखवला, सम्प म्हणजे तळाची तेलाची टाकी दाखवली, कुठून तेल गळतं ते दाखवलं. तो सगळं मन लावून बघत राहिला.

जाताना गोधडी ठेवून गेला. "असू दे, फरशी गार असती."

*

पार्टचं एक बघा. प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची कॅप तडकली. मुंबईच्या एका दुकानदाराचा नंबर मिळाला. त्यानं विचारलं, "गाडी कुठे आहे?"

"बीड जिल्ह्यात."

"नाही हो, गाडी कुठे आहे?"

"बीड जिल्ह्यातच."

मग म्हणाला, "तिला तिथे नेली कोणी?"

कॅप एसटीच्या पार्सलनं आली. त्यानंतर तो गृहस्थ अधूनमधून आपणहून फोन करायचा. "कशी आहे?" असं विचारायचा. मीही "बरी आहे, जरा गरम होते" असं सांगायचो. एकदा त्याचा फोन चालू असताना गौसभाई चहा घेऊन आला. ऐकून घेतलं. फोन ठेवल्यावर हळू आवाजात म्हणाला, "भाभी का बुखार उतरा क्या?"

*

टँकर आला की मी घागरी घेऊन बायकांच्या रांगेत उभा राहायचो. बापे कुणी नसायचे. रांगेत पुढं असायच्या मंडाबाई. आवाज असा की टँकरवाला आपोआप नळी त्यांच्याकडं वळवायचा. त्यांनी एकदा माझ्या हातातल्या दोन घागरी बघितल्या.

"सायेब, बाई पुन्याला, तुमी एकलेच. मग दोन घागरी कावून?"

खोटं बोलता आलं असतं. पण म्हणालो, "एक गाडीला. रेडिएटर लागतो भरायला."

सगळी रांग वळून माझ्याकडं बघायला लागली. मला वाटलं, आता काही खरं नाही. लोक प्यायच्या पाण्याला मोताद आणि मी मोटारीला पाजतोय! मागं फिरावं असं वाटलं.

मंडाबाईंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "जाऊ द्या गं. घरात कुनीतरी हाय म्हनायचं त्यांच्या!"

सगळ्या हसल्या. मीही हसलो. त्यांनी स्वतः नळी धरून माझ्या दोन्ही घागरी भरून दिल्या. घरी आलो, बॉनेट उघडलं, आणि बराच वेळ घागर हातात धरून नुसता उभा होतो.

*

ब्रेकमधली हवा काढणं हे दोन माणसांचं काम. एकानं आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकाशी बसून निपल, म्हणजे हवा सोडायचा स्क्रू, सैल करायचं. हवा बाहेर पडली की निपल आवळायचं, मगच पेडल सोडायचं. आधी सोडलं की हवा परत आत!

गौसभाईला आत बसवलं. मी खालून ओरडायचो, "दाबा!" तो ओरडायचा, "दाब्या!" मी म्हणायचो, "सोडा!" तो म्हणायचा, "सोड्या!" रिकाम्या कॉलनीत आमचा आवाज घुमायचा. एखाद्याला वाटावं, आत मोठं काम चाललंय.

चौथ्या चाकाला मी "दाबा" म्हणालो आणि उत्तरच आलं नाही. बाहेर येऊन बघतो तर गौसभाई पेडल दाबून, स्टिअरिंग धरून, समोर बघत बसलेला.

"काय झालं गौसभाई?"

"काही न्हाई साब. पोरगी हैदराबादला बोलावती. कवाचा सांगीन सांगीन म्हनतो. आज पाय अडकेल हाय, पळता येत न्हाई, म्हनून सांगतो."

मी चाकाशी परत बसलो. निपल आवळलं. म्हणालो, "सोडा."

त्यानं सोडलं.

तो गेल्यावर पुढच्या वेळी मी पेडल आणि सीटच्या मध्ये फळी ठोकून काम केलं. ब्रेक लागले. पण "दाबा" असं मी तोंडानं म्हणतच होतो.

*

गाडी पहिल्यांदा पुरती चालती झाली तेव्हा प्रश्न पडला, पळवायची कुठं? आमच्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरच्या वर गेलं की खाली सम्प दगडांना घासून ओरडायचा. मग पालीजवळ बिंदुसरा नदीच्या धरणावर गेलो. पाणी पार तळाला गेलं होतं. कडेचा गाळ वाळून फरशीसारखा कडक झालेला. अख्ख्या जिल्ह्यात एवढी सपाट जागा दुसरी नव्हती!

उतरवली. तिसरा टाकला, चौथा टाकला. काय पळाली म्हणून सांगू! खिडकीतून गरम वारा, मागं धुळीचा लोट. एवढ्या वर्षांत तिचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. बाजूच्या रिकाम्या सीटकडं बघून मी मोठ्यानं म्हणालो, "बघितलंस?"

वळवून आणली तर मध्ये एक म्हातारा शेरडं घेऊन उभा. गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"हितं आमी मासं धरायचो," म्हणाला. "आता तुमी ज्या जाग्याला थांबलाव ना, तितं तर दोन पुरुष खोल पानी असायचं."

मी नकळत खाली बघितलं!

*

त्या संध्याकाळी सुधाला फोन लावला. काही न बोलता फोन बॉनेटजवळ धरला. इंजिन चालू. मग कानाला लावून विचारलं, "काय ऐकलंस?"

ती म्हणाली, "ती डावीकडची टकटक गेली वाटतं."

टॅपेट! व्हॉल्व्हजवळची ती टकटक सुधा इथं असल्यापासूनची. मी चाट. किती वेळ तिला व्हॉल्व्हचं सांगत होतो, गॅपचं सांगत होतो. ती हं हं करत होती. मग म्हणाली, "जेवलात का?"

मी म्हणालो, "हो."

जेवलो नव्हतो.

*

आणि ही आमची वार्षिक सर्वसाधारण सभा. कारखाना बंद असला तरी सभा घ्यावी लागते. चेअरमन आबा. एके काळी आबा उभे राहिले की मांडवात हजारांनी माणूस गप व्हायचा. त्या दिवशी पुतण्यानं जीपनं आणून सोडलं आणि "येतो परत" म्हणून तो निघून गेला. आलेले सभासद एक. माझी आई शेअरहोल्डर होती, तिच्यामागं शेअर माझ्या नावावर, म्हणून मी!

हॉलला कुलूप, किल्ली क्लार्ककडं, क्लार्क केजला, त्याचा फोन बंद. अख्ख्या आवारात बसायला जागा म्हणजे माझी गाडी. आबा पुढं बसले, मी स्टिअरिंगवर.

आबांनी घड्याळ बघितलं. "कोरम न्हाई. सभा तहकूब. अर्ध्या तासानं त्याच जागी."

आम्ही त्याच जागी अर्धा तास बसलो.

मग आबांनी टोपी नीट केली, घसा साफ केला आणि काचेकडं बघून म्हणाले, "सभासद बंधू आणि भगिनींनो!"

एकेक विषय घेतला. "मंजूर?" मी म्हणायचो, "मंजूर." एकदा मी उशीर केला तर म्हणाले, "विरोध असंल तर हात वर करा." शेवटी श्रद्धांजलीचा ठराव आला. वर्षभरात गेलेल्या सभासदांची नावं आबांना तोंडपाठ होती. गावासकट सांगितली. बरीच होती. मग दोन्ही दारं उघडून आम्ही बाहेर आलो आणि गाडीच्या दोन बाजूंना मान खाली घालून उभे राहिलो.

परत आत बसलो. आबांनी माझे आभार मानले, मी त्यांचे मानले. सभा संपली. पुतण्याचा पत्ता नव्हता. आबा समोरच्या कारखान्याच्या थंड चिमणीकडं बघत बसले.

"इंजिनिअर, चालू कर."

मी किल्ली फिरवली. पहिल्याच फटक्यात लागली. डॅशबोर्ड थरथरला. आबांनी त्यावर तळवा पसरून ठेवला आणि डोळे मिटले.

"कुठं सोडू, आबा?"

"कुठं न्हाई. नुसती चालू ऱ्हाऊ दे."