कोपराचं चित्र

माझ्या चित्रांत चेहरे नसतात. खांदे, कोपर, मनगटं असतात. ही नवी पद्धत कुठून आणलीत, असं मुंबईच्या प्रदर्शनात लोक विचारतात. वरंधच्या एका हाडं बसवणाऱ्या बाईकडून, असं मी सांगते. पुढचं सांगत नाही. ते इथे लिहिते.

एकोणीसशे तीस सालाच्या आसपास माझे यजमान वरंधच्या शाळेत मास्तर होते. महाडचा दवाखाना लांब, म्हणून हात मोडला की माणसं वरच्या वाडीतल्या त्या म्हातारीकडे जात. ती डोळे मिटून कातडीवरून बोटं फिरवी आणि आतलं हाड कुठे सरकलंय ते सांगे. "बघू नको, चाचप," म्हणत तिने माझीही बोटं तिथे टेकवली. माझी रेघ तिथेच तयार झाली.

एकदा बांधावरून पडलेली एक शेतकरीण आली. उजव्या कोपराशी हाड सरकलेलं. म्हातारीने हात बांधायला बांबूच्या कांबट्या घेतल्या. मी म्हटलं, "थांबा जरा, एवढं चित्र काढून घेते."

शेतकरीण कण्हत हसली. "कोपर काय काढताव? तोंड काढा की. तोंड काय वायट हाय माझं?"

"बाय, सूज चढतेय," म्हातारी म्हणाली. "मग हाड बोटांना गावायचं नाय."

"झालंच."

मास्तरीणबाईला नाही कोण म्हणणार? म्हातारी थांबली. मी एक सोडून दोन कागद भरले. तोवर कोपर टम्म फुगला होता.

महिन्याने कांबट्या सोडल्या, तर हात सरळ होईना. विळा पेलेना. म्हातारीचा हातगुण गेला, असं वाडी बोलू लागली. शेतकरणीचा नवरा म्हातारीच्या पडवीत येऊन भांडला. मी तिथेच बसले होते.

"तुमी व्हतात ना तवा?" त्याने मला विचारलं. "सांगा, हिचं काय चुकलं?"

त्याची बायको खाली बघत होती. तिचा मुलगा आमच्याच शाळेत होता. म्हातारी माझ्याकडे बघत होती.

"मला त्यातलं काय कळतंय?" मी म्हणाले.

म्हातारीने कांबट्यांची जुडी उचलून वळचणीला खोचली. तिच्याकडे पुन्हा कोणी गेलं नाही. मोडका हात झोळीत बांधून माणसं महाडपर्यंत चालत जाऊ लागली. वाट आमच्या दारावरून होती. मी त्यांना पाणी द्यायची. त्या दोन कागदांचं मात्र कधीच बोलले नाही.